उघड्या तोंडाची पाकिटं

१

हात कोरडे असल्याशिवाय काकू कागदाला शिवत नसत. जेवणाची भांडी झाली, ओटा पुसला, की टॉवेलला खसाखसा हात पुसायचे, बोटांना चिमूटभर पावडर चोळायची आणि मगच मागच्या खोलीत जायचं. डाग पडलेलं पाकीट म्हणजे शेंबड्या नाकानं पाहुण्यांसमोर आलेलं पोर, असं त्या म्हणत. पोर कितीही गोड असलं तरी लोकांना आधी नाकच दिसतं.

नक्षीदार कागद कार्डवाला पाठवायचा. त्याचं शुभेच्छापत्रांचं दुकान होतं आणि गेली बारा वर्षं त्याची पाकिटं काकूच करत होत्या. या खेपेचा कागद निळा होता, त्यावर सोनेरी वेल. पुठ्ठ्याचा साचा ठेवून पेन्सिल फिरवायची, कापायचं, चारी बाजू पट्टीनं रेटून दुमडायच्या. आत अस्तर. मग उजवी बाजू, डावी बाजू, आणि त्यांच्यावर खळ लावून खालची. शेवटी वरच्या झाकणाच्या कडेला डिंकाचा हात द्यायचा आणि तो वाळला की झाकण मिटून ठेवायचं.

हे शेवटचं काम मात्र सात महिने बंद होतं. त्याला कारण होतं लेक.

लेकीची कूस दोनदा भरली आणि दोनदा रिकामी झाली होती. पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्या वेळी सहाव्यात. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं आणि जावई दूरच्या नोकरीवर, म्हणून ती माहेरी आली. ती आली त्या सकाळी काकूंनी देवापुढे हात जोडले. त्यांच्यापाशी द्यायला होतं काय? रोजचं काम. म्हणाल्या, "देवा, हिच्या ओटीत मूल पडेपर्यंत या घरात मी एकाही पाकिटाचं तोंड मिटणार नाही. सगळी दारं उघडी ठेवीन. ज्याला यायचंय त्यानं सुखानं यावं."

कार्डवाल्यानं डोक्याला हात लावला, पण ऐकलं. डिंक दुकानातच लावून घेऊ, म्हणाला. पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांना मात्र विषयच मिळाला.

"आयुष्यभर बंद पाकिटांवर शिक्के मारले," ते म्हणत, "आणि म्हातारपणी ही उघडी बघायची वेळ आली!"

"मला तर ती बघून जांभया येतात," लेक पलंगावरून म्हणायची. "सगळी आ वासून बसलीत."

२

नवव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी काकू मागच्या खोलीत गेल्या, तर खोक्यात उभ्या लावलेल्या चाळीस पाकिटांतली दोन मिटलेली होती. शेजारी शेजारी.

नवस मोडला की काय, हा पहिला विचार. मग स्वतःलाच समजावलं, मी मिटली नाहीत, तेव्हा माझ्याकडून मोडला नाही. त्यांनी बोटानं झाकणं वर केली. ती उघडली, पण सहज नाही. ओल्या कपाटाचं दार उघडतं तशी. आत काही नव्हतं.

"हवा दमट आहे," काका म्हणाले. "कागद वळतो."

"दोनच वळले?"

"बाकीचे आळशी असतील. मला काय विचारतेस, मी काय कागदाचा डॉक्टर?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. खोक्याच्या दुसऱ्या टोकाला, पण तशीच शेजारी शेजारी. तिसऱ्या दिवशीही दोनच. काकूंनी झाकणांच्या कडांवरून जीभ फिरवून बघितली, डिंक चुकून लागलाय का म्हणून. कोऱ्या कागदाची चव आली. घरात डिंकाची बाटलीच नव्हती; ती सात महिन्यांपूर्वीच कार्डवाल्याकडे गेली होती.

मग ही मिटून राहतात कशानं?

तो प्रश्न त्यांनी मनात आला तसाच बाजूला सारला. घरात दिवस भरत आलेली बाई असताना असले प्रश्न मोठ्यानं विचारायचे नसतात.

३

चौथ्या दिवशी काकूंनी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढले. प्रत्येक पाकिटाचं झाकण मागे वळवून त्याला चिमटा लावला. चाळीस पाकिटं, चाळीस चिमटे. खिडकी लावली, पंखा बंद केला, दार ओढून घेतलं.

"चोर पकडायचाय का?" काकांनी विचारलं. "सदरे जमिनीवर वाळत घालू का मग?"

"घाला. आणि त्यांच्यावर बसून राखण करा."

तासाभरानं दार उघडलं, तर दोन चिमटे जमिनीवर पडले होते. दोन पाकिटं मिटलेली. चिमटे उडून पडल्यासारखे विखुरलेले नव्हते. खोक्याच्या पायथ्याशी, एकाला एक लागून, नीट ठेवल्यासारखे होते.

मागची खोली आणि लेकीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. भिंतीपलीकडून लेकीचा आवाज आला, "आई गं! केवढी लाथ मारली!" आणि ती हसली.

काकूंनी चिमटे उचलले. लाकूड कोमट होतं. उन्हात नव्हते, कुणाच्या हातातही नव्हते, तरी कोमट होते.

४

मग सगळे चिमटे काढून, ती दोन झाकणं पुन्हा उघडून त्या तिथेच बसून राहिल्या. खुर्ची खोक्यासमोर ओढली, मांडीवर हात ठेवले. अर्धा तास काही नाही. घड्याळ, नळाचा थेंब, पुढच्या खोलीतलं काकांचं घोरणं. पाऊण तास झाल्यावर पापण्या जड झाल्या आणि त्याच वेळी तो आवाज आला.

रोज ऐकलेला आवाज. घडी घालताना पट्टी कागदावरून जाते तसा, पण फार हळू, अडखळत. नवख्या हातानं केल्यासारखा.

काकूंनी डोळे उघडले तेव्हा तिसऱ्या रांगेतलं एक झाकण खाली येत होतं. शेवटचं अर्धं बोटभर अंतर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या शेजारचंही आलं. दोन्ही मिटली.

आता पळावं, की देवाचं नाव घ्यावं, की काकांना उठवावं? काकूंनी यातलं काही केलं नाही. सवयीनं हाताला आली ती घडीची पट्टी त्यांनी उचलली आणि पहिल्या झाकणाखाली हलकेच सरकवली. झाकण किंचित वर आलं. आणि मग आत ओढलं गेलं. आत काहीतरी सळसळलं.

चिकटलेला कागद असा ओढत नाही. दार आतून धरलेलं असलं की ते असं येतं आणि असं जातं.

"कोण आहे?" काकू पुटपुटल्या.

आतली सळसळ एकदम थांबली. पूर्ण थांबली. आणि त्या थांबण्यानंच काकूंना उलगडा झाला. लेक लहानपणी पलंगाखाली लपायची, तेव्हा हाक मारली की अशीच गप्प व्हायची. श्वास इतका घट्ट धरायची, की त्या शांततेवरूनच ती कुठे आहे ते समजायचं. पोरं लपतात ती अशीच.

दोन. रोज दोनच.

काकूंनी पट्टी खाली ठेवली. ज्याला यायचंय त्यानं यावं, असं त्याच म्हणाल्या होत्या. कुणाला, ते सांगायचं राहिलं होतं.

त्या रडल्या, पण खरं सांगायचं तर ते रडणं भीतीचं नव्हतं.

५

त्या दिवसापासून काकूंनी मिटलेली पाकिटं उघडणं बंद केलं. एकाला त्या थोरलं म्हणू लागल्या, दुसऱ्याला मधलं. जपून ठेवलेला पांढरा, रेशमी धाग्यांचा कागद काढला, त्याची दोन पाकिटं केली आणि आत अस्तराचा दुहेरी थर दिला. खिडकीपाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी निळी सगळी उघडी होती आणि पांढरी दोन मिटलेली.

"आवडली ना?" काकू म्हणाल्या.

मग रोज दुपारी काम करता करता त्या बोलत. तुमच्या आईला लहानपणी अंधाराची भीती वाटायची. तुमचे आजोबा पत्त्यांच्या खेळात लबाडी करतात. तुमची आई पलीकडेच झोपलीय, भिंतीला हात लावलात तर तिच्या पाठीला लागेल. आणि तुमचं धाकटं भावंड येतंय, पंधरा दिवसांत.

दारातून काका एकदा डोकावले. "कुणाशी बोलतेस?"

"पाकिटांशी."

"उत्तर देतात?"

"तुमच्यापेक्षा लवकर."

काका हसत गेले. काकूही हसल्या. पण हसता हसता त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. पांढरी पाकिटं तिथे नव्हती. ती टेबलावर होती, अगदी भिंतीला चिकटून, मिटलेल्या तोंडानं भिंतीकडे.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, हे बाळ ना, सारखं एकाच बाजूला सरकतंय. बघ." तिनं गाऊन वर केला. पोट एका बाजूला टेकाडासारखं वर आलं होतं. भिंतीच्या बाजूला. "कूस बदलली तरी परत तिकडेच. कान लावून बसल्यासारखं."

डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, जरा आडवं आहे, वळेल. असं होतं.

असं होतं, काकूंनी स्वतःला सांगितलं. डॉक्टर शिकलेला माणूस आहे. तरी घरी आल्यावर त्यांनी पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतला आणि मागच्या खोलीत बोलणं थांबवलं. धाकट्याचं सांगायला नको होतं. ते सांगताना आतली सळसळ थांबली होती, आणि पुष्कळ वेळ थांबली होती, हे त्यांना आता आठवायला लागलं.

६

दिलेल्या तारखेला अजून आठवडा होता. दुपारी लेकीनं हाक मारली. हाक अगदी साधी होती, पण काकू पेला ओट्यावर तसाच टाकून धावल्या.

"आई, सकाळपासून हललं नाही गं."

काकूंनी तिला गार दूध पाजलं, कुशीवर वळवलं, पोटावर हात ठेवला. एरवी हाताला लगेच उत्तर यायचं. आज पोट नुसतं पोट होतं. सामान काढून नेलेल्या खोलीसारखं.

"झोपलं असेल," काकू म्हणाल्या. "पोरं झोपतात."

"इतका वेळ?"

"तू झोपायचीस की! उठवायला बादलीभर पाणी लागायचं." त्या हसल्या, लेक हसली नाही. "थांब हं, आलेच."

मागच्या खोलीत पांढरी दोन पाकिटं टेबलावर पडली होती. उघडी. रिकामी. काकूंना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. गेली असतील.

मग त्यांनी खोक्याकडे पाहिलं. निळ्या पाकिटांच्या मधल्या रांगेत तीन मिटलेली होती. शेजारी शेजारी.

७

काकांनी गाडी काढली. लेक ओठ आवळून मागच्या सीटवर आडवी झाली.

"बस ना तू," काका म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. मी कपडे घेऊन मागून येते."

"अगं, कपड्यांचं काय घेऊन बसलीस?"

"व्हा म्हणते ना पुढे!"

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. काकूंनी काकांवर कधी आवाज चढवला नव्हता. काकांनी गाडी सुरू केली.

काकू आत धावल्या. पुसायचे राहिलेले ओलेच हात घेऊन खोक्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. तिन्ही पाकिटं सारखी होती, एकाच साच्याची, एकाच कागदाची. कोणतं कुणाचं, काही कळायला मार्ग नव्हता. त्यांनी तिघांत मधोमध असलेल्या पाकिटाच्या झाकणाखाली पट्टी घातली. झाकण आत ओढलं गेलं. आता ओढणारं एकटं नव्हतं. आजूबाजूची दोन्ही पाकिटंही त्याला खेटली, इतकी की कागद करकरला.

"बाळांनो, सोडा रे त्याला," काकू म्हणाल्या. "त्याची आई वाट बघतेय. तुमचीही आईच ती. तिला तिसऱ्यांदा रिकामी करू नका."

सळसळ थांबली. पोरं ऐकत होती.

"मी तुम्हाला कुठे टाकणार नाही. माझ्यापाशी ठेवीन. पुन्हा कधी उघडणार नाही. पण त्याला सोडा."

फोन वाजला. काकांचा आवाज ओळखू येईना. "ठोके फार कमी लागताहेत. आत नेलंय तिला. तू कुठे आहेस? लवकर ये गं."

काकूंनी फोन जमिनीवर ठेवला, तसाच सुरू. पट्टी फेकून दिली. ओल्या बोटांनी त्या एकामागून एक झाकणं ओढू लागल्या आणि ओढता ओढता तोंडून निघून गेलं, "अरे, एकानं तरी बाहेर या रे! कुणीही या!"

शब्द सुटले तसे त्यांना कळले. पण सुटले होते.

एक झाकण उचललं गेलं. ते मधोमधचं नव्हतं, कडेचं होतं. कागदाच्या काठावर तीन बोटं आली. भाताच्या दाण्याएवढी. सोनेरी वेलीवर ती पांढरी दिसत होती, की कागदासारखी आरपार, ते सांगता येणार नाही, कारण काकूंनी फक्त एक गोष्ट पाहिली. बोटांची टोकं गुळगुळीत होती. नखं अजून आली नव्हती.

मग बोटं दिसेनाशी झाली. पाकीट हलकं होऊन लवंडलं.

जमिनीवरच्या फोनमधून काका ओरडत होते. "रडलं! अगं, रडलं! ऐकलंस का? मुलगी आहे!"

उरलेल्या दोन पाकिटांतल्या एकातून, अगदी आतून, धडका बसायला लागल्या होत्या. चांगल्या जोराच्या. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाच्या.

८

लेक पाचव्या दिवशी घरी आली. जावई आले, कार्डवाला येऊन गेला. "काकू, आता तोंडं मिटायला हरकत नाही ना? नवस फिटला!" म्हणत सगळी निळी पाकिटं घेऊन गेला. दोन कमी भरली, ते त्यानं मोजलं नाही.

बाळ गोड होतं. शांत होतं. बघणारा प्रत्येक जण म्हणे, काय नजर आहे! दिवस भरून आलेलं, वजन चांगलं, सगळं व्यवस्थित. काकूंनी त्याला मांडीवर घेतलं. हेही आपलंच, त्या मनात म्हणाल्या. हेही किती दिवस दाराबाहेर उभं होतं! एवढ्याशा जिवाला आत घेतलं, यात पाप कसलं? देव बघतो. देवाला सगळं कळतं.

पण देवापुढे बसायला मात्र त्यांना जमेना.

त्या दुपारी घर निवांत होतं. काका आणि जावई औषधं आणायला गेले होते. काकू मागच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर दोन निळी पाकिटं. एक स्वस्थ होतं. दुसऱ्यातून अधूनमधून धडक यायची. पहिल्या दिवसाइतकी जोराची नाही. रोज थोडी कमी.

उघडलं तर दिलेला शब्द मोडतो. आणि उघडलं तर जे बाहेर येईल, ते जाणार कुठे? जागा एकच होती आणि ती भरली होती. आणि ज्यानं भरली, त्याला उठवून परत कागदात घालायचं? काकूंनी हा विचार पाच दिवस केला होता आणि दर वेळी तो इथेच येऊन थांबत होता.

"आई!" भिंतीपलीकडून लेकीनं हाक मारली. किती वर्षांनी तिचा आवाज असा मोकळा झाला होता! "आई, ये ना, बघ तरी! मी म्हटलं नखं कापावीत, तर हिला नखंच नाहीत अजून. डॉक्टर म्हणतात, येतील. किती मऊ बोटं आहेत गं! माझं बोट धरलंय घट्ट, सोडतच नाही!"

"आले हं," काकू म्हणाल्या.

आपल्या आईचा आवाज ऐकून मांडीवरचं ते दुसरं पाकीट जागं झालं. झाकण आतून वर उचललं जाऊ लागलं. हळूहळू, सगळा जोर लावून.

काकूंनी त्यावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला.

"आले गं, बाळा," त्या पुन्हा म्हणाल्या. आणि उठल्या नाहीत.